घरटं काढलं तर घार जाईल का?

(लोकलच्या गर्दीत हेडफोन लावणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ जमतील तेवढे कापलेत, सगळे नाही.)



मार्चमध्ये घाटकोपर पूर्वेहून एका श्रोतीची व्हॉइस नोट आली. मागे कुकरच्या शिट्ट्या आणि वैतागलेल्या आजी. ती म्हणाली, “दादा, आमच्या गच्चीवर घार डोक्यात मारते. आजी साबुदाण्याच्या चिकवड्या घालायला वर गेली होती, मागून येऊन डोक्यावर ओरबाडून गेली. आता आजी छत्री घेऊन वाळवण घालते. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरी काका म्हणतायत, रेन ट्रीवरचं घरटं माणूस बोलावून काढून टाकू, घार जाईल दुसरीकडे. जाईल का?”

साधा प्रश्न वाटला. मी हो किंवा नाही लिहून पाठवणार होतो. मग लक्षात आलं की उत्तर देण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: ही घार नक्की राहते कुठे? त्या झाडावर? घाटकोपरमध्ये? की अर्ध्या उपनगरात?

म्हणून हा अख्खा भाग.

आधी तुमच्या फोनपासून सुरुवात करू. नकाशाच्या ॲपमध्ये टाइमलाइन असते, ती कधी उघडून बघितलीये? महिनाभर तुम्ही कुठे कुठे गेलात त्याचे ठिपके. समजा तुम्ही अंधेरीला राहता, कॉलेज घाटकोपरला, मेट्रोनं जाऊन-येऊन. ठिपक्यांची एक माळ अंधेरी ते घाटकोपर पडेल. घराजवळ गच्च, कॉलेजजवळ गच्च, मधे चकाल्याला एक वडापावची गाडी असेल तर तिथे छोटा पुंजका. या सगळ्या ठिपक्यांच्या बाहेरून एक रबरबँड ताणून बसवलं, तर आत जो भाग येतो ती तुमची होम रेंज. मराठीत आपण त्याला वावरक्षेत्र म्हणू. पक्ष्यांचा अभ्यास करणारे लोक खरोखर हेच करतात. बाहेरचे ठिपके जोडून बहुभुज काढतात.

पण यात एक गडबड आहे. महिन्यातून एकदा तुम्ही मित्रांबरोबर अलिबागला गेलात. एकच ठिपका, पण रबरबँड थेट समुद्रापलीकडे ताणलं जाणार. नकाशा म्हणणार की तुम्ही अर्ध्या अरबी समुद्रात वावरता. म्हणून दुसरी पद्धत: ठिपके किती दाट आहेत ते बघायचं. ज्या भागात ९५ टक्के वावर, ते वावरक्षेत्र. ज्या छोट्या भागात निम्मा वेळ जातो, तो गाभा. अलिबाग आपोआप गळून पडतं आणि वडापावची गाडी टिकते. पक्ष्यांच्या बाबतीत ही वडापावची गाडी फार महत्त्वाची आहे, तिच्याकडे परत येऊ.

घारीचे ठिपके कसे मिळवायचे? पाठीवर छोटं जीपीएस यंत्र, सौरऊर्जेवर चालणारं, मऊ पट्ट्यांनी दप्तरासारखं बांधलेलं. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या काही बिबट्यांना २०२१ मध्ये कॉलर लावल्या होत्या ते बातम्यांत वाचलं असेल, कल्पना तीच. फक्त बिबट्याला जड कॉलर चालते. पक्ष्यावरचं यंत्र त्याच्या वजनाच्या तीन ते फार तर पाच टक्के असावं असा संकेत आहे. आपली घार दिसते मोठी, पंख पसरले की जवळजवळ दीड मीटर, पण वजन भरतं पाऊण किलोच्या आसपास. म्हणजे यंत्र एका पेन्सिल सेलएवढंच हवं.

आता गच्चीवर येऊ. वावरक्षेत्र ही एक गोष्ट झाली. दुसरी गोष्ट म्हणजे हद्द. या दोन्हींची गल्लत सेक्रेटरी काकांनी केली आणि खरं सांगायचं तर मीही इतकी वर्षं करत होतो.

हद्द म्हणजे ज्या जागेसाठी पक्षी भांडतो. वावरक्षेत्र म्हणजे जिथे तो जगतो. तुम्ही लोकलच्या डब्यात चौथ्या सीटसाठी भांडता. पण त्याच लोकलनं ज्या ज्या ठिकाणी जाता, तिथे सगळीकडे नाही भांडत. घारीचंही तसंच. तिची हद्द छोटी असते, घरट्याच्या आजूबाजूची. तिथे दुसरी घार, कावळा, मांजर, आजी, कोणीही चालत नाही. पण खायला ती जिथे जाते तिथे दुसऱ्या पन्नास घारी असल्या तरी तिची तक्रार नसते. मासळी उतरताना बंदरावर बघा. एकाच वेळी आकाशात तीस-चाळीस घारी गोल गोल, आणि भांडण झालंच तर एखाद्या तुकड्यावरून, जागेवरून नाही.

हद्दीबद्दल एक अभ्यास सांगतो, मला तो प्रचंड आवडतो. स्पेनमध्ये दोन्याना नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे आपल्याच जातीच्या घारी घरटी करतात. घरट्यात त्या चिंध्या, कागद, प्लॅस्टिक आणून लावतात. मुंबईतल्या घरट्यांतही हे सगळं दिसतं आणि आपण म्हणतो, बिचाऱ्यांना काटक्या मिळत नाहीत. तर तसं नाहीये. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा अभ्यास आला. घारी पांढरं प्लॅस्टिक निवडून आणत होत्या. साधारण सात ते बारा वर्षांच्या, ऐन भरातल्या घारी सगळ्यात जास्त सजावट करत होत्या, अगदी तरुण आणि म्हाताऱ्या कमी. जिथे प्लॅस्टिक जास्त, तिथे दुसऱ्या घारी कमी घुसत होत्या. मग संशोधकांनी एक खोडी काढली. कमकुवत घारींच्या घरट्यांत स्वतःच जादा प्लॅस्टिक नेऊन ठेवलं. घारींनी ते काढून टाकलं! कारण पाटी लावली की ती निभवावी लागते. ‘इथे दादा राहतो’ असं लिहिलं आणि खरोखरचा दादा आला तर काय करणार?

तर रेन ट्रीवरचं ते प्लॅस्टिकनं मढवलेलं घरटं म्हणजे हद्दीची पाटी. घारीचं घर तेवढंच नाही.

मग घर केवढं? उपनगराचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला वर्सोव्याचं कोळीवाडा-बंदर. मधे अंधेरी, विमानतळ. पूर्वेला घाटकोपर, त्याच्या खाली दोन-तीन किलोमीटरवर देवनारचं डम्पिंग ग्राउंड, १९२७ पासूनचं. वर कांजूर, भांडुप, मुलुंड, आणि पूर्वेच्या कडेनं ठाण्याची खाडी. उत्तरेला मधोमध जंगल. आपण या नकाशावर रुळांवरून आणि रस्त्यांवरून चालतो. बोरिवली ते मुलुंड सरळ रेषेत बारा किलोमीटर असेल, पण मधे उद्यान आहे, म्हणून ट्रेननं दादरला उतरून वळसा घालायचा तर दीड तास कुठे गेला नाही.

घारीला दादर बदलावं लागत नाही. तिचं इंधन म्हणजे गरम हवा. सकाळी ऊन चढलं की डांबर, पत्रे, काँक्रीट तापतं आणि वरची हवा खांबासारखी उठायला लागते. घार त्या खांबात शिरते, पंख न हलवता गोल फिरत वर जाते आणि मग उतार असल्यासारखी पुढच्या खांबाकडे घसरते. अंधेरी ते घाटकोपर तिच्यासाठी सात-साडेसात किलोमीटरची घसरगुंडी. आणि उपनगरात तापलेल्या काँक्रीटची काय कमी?

म्हणजे अंतर हा तिच्यासाठी मोठा खर्च नाही. मग तिचा नकाशा कशानं ठरतो? वडापावच्या गाड्यांनी.

भारतात यावर सर्वांत कसून काम झालंय ते दिल्लीत, निशांत कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. दिल्ली घारींचं शहर आहेच. गालुशिन नावाच्या रशियन संशोधकानं १९७१ साली दिल्लीतल्या शिकारी पक्ष्यांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यात १५० चौरस किलोमीटरमध्ये घारींच्या सुमारे २,४०० जोड्या होत्या. दर चौरस किलोमीटरला १६ जोड्या! जंगलातला कुठलाही शिकारी पक्षी अशी दाटी करत नाही. (त्याच मोजणीत गिधाडांच्याही सुमारे ४०० जोड्या होत्या. आज ते वाचताना कसंतरीच होतं.) कुमार यांच्या गटानं विचारलं, ही दाटी कुठे जास्त आणि का? २०१९ साली आलेलं उत्तर असं: उघडा कचरा जिथे जास्त, आणि पुण्यकर्म म्हणून घारींना मांसाचे तुकडे उधळण्याची प्रथा जिथे जिवंत, तिथे पोचणं सोपं असलेल्या जागी घरटी दाट. झाड हवंच, पण नुसतं झाड पुरत नाही.

आता आजींच्या जखमेशी थेट संबंध असलेला भाग. याच गटानं २०१८ मध्ये घारींच्या हल्ल्यांवर काम केलं. घरट्याजवळ माणूस गेला तर घार काय करते? दुर्लक्ष, आवाज, झेप, की प्रत्यक्ष फटका? दोन गोष्टी निघाल्या. एक, अंड्यांपासून पिल्लांपर्यंत मोसम जसा पुढे सरकतो तसा राग वाढतो. दुसरी जास्त मजेशीर: जिथे माणसांचा कचरा जास्त आणि माणसं खाऊ घालतात, तिथल्या घारी जास्त धीट. अशा घारींना माणसाची सवय झालेली असते. आणि चांगल्या पोसलेल्या पिल्लांसाठी भांडणं तिला परवडतं, असाही अर्थ लावता येतो.

हे वाचल्यावर मी त्या श्रोतीला उलटा मेसेज केला: तुमच्या आजूबाजूला कोणी घारींना खायला घालतं का? पाच मिनिटांत उत्तर. “हो दादा, बाजूच्या बिल्डिंगचे अंकल रोज सकाळी टाकीवरून चिकनची स्किन फेकतात. आम्ही व्हिडिओ पण काढलेत, भारी कॅच घेते.”

म्हणजे वडापावची गाडी गच्चीच्या शेजारीच निघाली.

इथे थोडं विमानतळाबद्दल, कारण वावरक्षेत्राची कल्पना आपल्या कायद्यात आधीपासून बसलेली आहे हे मला माहीतच नव्हतं. विमान नियम, १९३७ मधला ९१ वा नियम सांगतो की विमानतळापासून १० किलोमीटरच्या वर्तुळात उघड्यावर कत्तल करायची नाही, पक्षी-प्राणी ओढले जातील असा कचरा टाकायचा नाही. कारण उघड आहे: विमानाच्या इंजिनात घार गेली तर घार संपतेच, पण वरच्या दीडशे माणसांचाही प्रश्न होतो. पण यात एक शहाणपण लपलंय. नियम धावपट्टीवरच्या घारीबद्दल बोलत नाही, दहा किलोमीटरवरच्या कचऱ्याबद्दल बोलतो. घारीला हाकलू नका, तिच्या नकाशावरचा गडद ठिपका हलवा. आता नकाशावर अंधेरीच्या विमानतळापासून देवनारपर्यंत पट्टी लावून बघा. सहा-सात किलोमीटर भरेल. असो.

हे सगळं झालं घारीचं. पण ‘शिकारी पक्षी’ म्हटलं की सगळ्यांना एकच माप लावायची चूक होते, म्हणून आता उद्यानात शिरू.

कान्हेरीच्या वाटेवर किंवा आरेच्या कडेनं सकाळी दहा-अकराला चालत असाल, तर वरून एक लांब, थरथरती शीळ ऐकू येते. तो तुरेवाला सर्पगरुड. आकाशात दिसला तर पंखांच्या मागच्या कडेला रुंद पांढरा पट्टा शोधा. घारीची शेपटी खाच पडल्यासारखी असते, याची गोलसर पंख्यासारखी. नावाप्रमाणे साप खातो, सरडेही.

तैवानच्या दक्षिणेला, उष्ण प्रदेशातल्या जंगलात, याच सर्पगरुडांना रेडिओ यंत्रं लावून अभ्यास झालाय. नराचं वावरक्षेत्र सरासरी १६.७ चौरस किलोमीटर, मादीचं साधारण ७. आणि दिवसाचा किती वेळ हा राजा बसून असतो? ९८ टक्के! फांदीवर बसायचं, खाली बघायचं, साप हलला की पडायचं. मला हे वाचून फार बरं वाटलं. रविवारचा माझा आकडा याच्या जवळपास आहे.

आता गणित करू. आपलं राष्ट्रीय उद्यान साधारण १०४ चौरस किलोमीटर. तैवानचा आकडा इथे जसाच्या तसा लागू होणार नाही, जंगल वेगळं, साप वेगळे, शेजाऱ्यांची क्षेत्रं एकमेकांवर चढतातही. पण अंदाज यावा म्हणून १०४ ला १६.७ नं भागा. सहा. दिल्लीत एका चौरस किलोमीटरला घारींच्या सोळा जोड्या, आणि इथे बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या अख्ख्या जंगलात एकमेकांवर न चढणारी सर्पगरुडाची क्षेत्रं बसतात जेमतेम सहा.

म्हणून त्याच्या नकाशातून झाडं कमी होणं आणि घारीच्या नकाशातून झाडं कमी होणं यात फरक आहे. घारीला बसायला मोबाईलचा टॉवर चालतो, घरट्याला नारळ चालतो, लाइटचा खांबही चालतो. सर्पगरुडाचा ९८ टक्के दिवस फांदीवर जातो, त्याला फांदी लागते. आणि फांदीखाली साप राहील अशी जमीन लागते, पेव्हर ब्लॉक नाही. शिवाय तो बहुतेक वेळा वर्षाला एकच अंडं घालतो. घार दोन-तीन घालते. एकीचा नकाशा फाटला तर ती नवा शिवते, दुसऱ्याला तेवढा दोरा नसतो.

या दोघांच्या मधला एक आहे शिक्रा. कबुतरापेक्षा लहानच, सोसायटीच्या बागेतला छोटा शिकारी. सरडे, खारी, चिमण्या. तो गुपचूप पानांतून येतो, म्हणून दिसत कमी, पण अचानक सगळे बुलबुल आणि साळुंक्या एकदम ओरडायला लागल्या की समजायचं. एक फसगत सांगून ठेवतो: पावशा हा पक्षी हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. फोटो टाकून ‘शिक्रा!’ लिहिण्याआधी चोच बघा, वाकडी आकडीसारखी आहे की सरळसर. मी दोनदा तोंडघशी पडलोय.

नकाशाबद्दल अजून एक गोष्ट: तो वर्षभर सारखा नसतो. सालिम अली यांच्या पिढीच्या पक्षीनिरीक्षकांनी नोंदवून ठेवलंय की जोराच्या पावसाच्या प्रदेशातून घारी पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या संख्येनं निघून कोरड्या भागाकडे जातात आणि पाऊस संपता संपता परततात. पटण्यासारखं आहे. जुलैमध्ये ऊन नाही, म्हणजे गरम हवेचे खांब नाहीत, पिसं ओली. आमच्यासारखीच गत, लोकल बंद. यंदा जूनमध्ये गच्चीवरून दिसणाऱ्या घारी मोजून ठेवा आणि ऑक्टोबरमध्ये परत मोजा. आकडे मला पाठवा, एक भाग करू.

आणि हिवाळ्यात उलट गंमत. सैबेरिया-मंगोलियाकडून काळ्या कानाच्या घारी खाली उतरतात. कुमार यांच्याच गटानं दिल्लीत अशा घारींना जीपीएस लावलं. २०२० साली आलेल्या त्या अभ्यासात या घारी उन्हाळ्याच्या तोंडावर के-टू शिखराच्या परिसरातून, हिमालयाच्या आरपार, हजारो किलोमीटर उत्तरेला गेल्याचं दिसलं. म्हणजे डिसेंबरमध्ये एखाद्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर दोन घारी शेजारी बसल्या असतील, तर एकीचं घरटं रस्त्यापलीकडे आणि दुसरीचं कझाकस्तानात असू शकतं. रबरबँड कुठपर्यंत ताणणार?

चला, परत घाटकोपरच्या गच्चीवर.

काकांचा प्रश्न होता, घरटं काढलं तर घार जाईल का. मी श्रोतीला जे कळवलं ते थोडक्यात असं. एक, घरट्यात अंडी किंवा पिल्लं असताना ते पाडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, त्यामुळे ‘माणूस बोलावून’ हा पर्याय नाहीच. दोन, समजा कायदा नसता, तरी घार गेली नसती. घारी घरट्याच्या जागेला चिकटून असतात, वर्षानुवर्षं त्याच झाडावर येतात. खाणं इथेच असेल तर फार तर शेजारच्या झाडावर जाईल आणि अंडी गेली असतील तर पुन्हा पहिल्यापासून बसेल. म्हणजे आजींचा त्रास संपण्याऐवजी अजून दोन-अडीच महिने वाढणार. तीन, हल्ला हा ठरावीक दिवसांचा असतो. अंडी उबवायला महिनाभर, पिल्लं उडायला साधारण दीड महिना. आजींना फटका बसला तेव्हा पिल्लं मोठी झाली असणार, म्हणजे बहुतेक काळ सरून गेलाय. चार, पावसाळ्याआधीची फांद्यांची छाटणी त्या झाडापुरती पिल्लं उडेपर्यंत पुढे ढकलायला सांगा. पिल्लू खाली पडलेलं दिसलंच तर घरी नेऊन दूध-पोळी भरवू नका, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. आणि पाचवं, बाजूच्या अंकलना चिकन थांबवायला सांगा.

पाचवं सगळ्यात अवघड गेलं म्हणे. अंकल म्हणाले, “मी पुण्य करतोय, तुम्ही छत्र्या घेऊन फिरा.” ग्रुपवर दोन दिवस रणधुमाळी. शेवटी आजीच त्यांच्याकडे गेल्या, डोक्यावरचं बँडेज दाखवलं, आणि चिकवड्यांचा डबा देऊन आल्या. वाळवण महिनाभर खालच्या पार्किंगमध्ये घातलं, गच्चीच्या दाराला पुठ्ठ्याची पाटी लावली: ‘घारीची पिल्लं आहेत. टाकीकडे जाऊ नये.’

परवा तिची नवीन व्हॉइस नोट आली. दोनातलं एक पिल्लू उडून समोरच्या टाकीवर बसतंय, दुसरं अजून घरट्याच्या काठावर पंख झाडतंय. अंकल खायला घालत नाहीत, पण रोज सकाळी दुर्बीण घेऊन वर येतात. आणि आजी म्हणतायत, यंदाच्या चिकवड्या नीट वाळल्या नाहीत, पार्किंगमध्ये ऊन कुठे येतं?